गोळ्यावरची बोटं

नेवासे, शनिवार संध्याकाळ
फेब्रुवारी १९७१

हाताला अजून हिंगाचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी.

उद्या हे प्रवरेवर गळ टाकायला जाणार, म्हणून नेहमीसारखा कणकेत हिंग-बडीशेप घालून आमिषाचा गोळा मळून ठेवलाय. ओल्या फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, माठाच्या गारव्याला. वास उडाला तर मासा फिरकत नाही, म्हणतात.

सासूबाई माळकरी. "त्यो वास माज्या चुलीपाशी नको," म्हणून दर शनिवारी भांडतात. आणि यांची पाठ वळली की डबा उघडून गोळ्यावर चार बोटं दाबतात. गुळगुळीत गोळा श्राद्धाच्या पिंडासारखा दिसतो ना. तसला गोळा घेऊन मुलगा डोहाकाठी बसणार, हे त्यांना सोसत नाही. मी कितीदा पाहिलंय, बोलले मात्र नाही.

आज त्या लेकीकडे जामखेडला गेल्यात. मी असलं काही मानते का? नाही. तरी डबा उघडला. गोळा अगदी गुळगुळीत. बघवेना. दाबली बोटं.

मघाशी फडकं ओलं करायला यांनी डबा काढला. गोळ्याकडे बघत राहिले, मग हसले.

"आईची बोटं जाड हायेत. ही तुजी."

म्हणजे यांना ठाऊक होतं तर. आणि मी इतके दिवस नवल करत होते, रविवारी गळासाठी तोडून तोडून उरलेला गोळा घरी येतो, त्यावर ती चार बोटं तशीच शाबूत कशी असतात.