शंकराची अर्धी प्रदक्षिणा

४ फेब्रुवारी १९५४, अंबरनाथ

लिही, मालू. आजी सांगणार, नात लिहिणार. आणि तुझ्याबद्दलचंच आहे, तेव्हा खाडाखोड चालणार नाही!

जेवताना माझ्या लेकानं, शशिकांतनं, फर्मान काढलं — "इंटरला नापास झालीस तर बदलापूरच्या स्थळाला होकार." स्वतः कारखान्यात वायरमन, आणि पोरीनं वीज शिकायची तर ह्याच्या कपाळाला आठ्या! मालू भात चिवडत बसली. (चिवडलास. लिही.)

७ फेब्रुवारी

मालूनं परीक्षेचं प्रॅक्टिकल घरीच मांडून मला समजावलं. पुठ्ठ्यातून उभी तार, तिच्यात बॅटरीचा करंट. किती? माहीत नाही, मीटरवर फडकं. होकायंत्र तारेभोवती बोटबोट सरकवायचं, दर बोटाला ओढ किती ते मांडायचं. चालीच्या दिशेनं ओढ असली तर अधिक, उलट असली तर वजा. फेरी पुरी झाली की बेरजेवरून आतला करंट कळतो. अँपिअर म्हणून कुणाचा नियम. फेरीबाहेरच्या तारेचं बेरजेत काही उरत नाही म्हणे.

मी म्हटलं, "शहाणा दिसतोय. शेजाऱ्यांना मोजत नाही!"

८ फेब्रुवारी, सोमवार

देवळातून आले तर मालू रडवेली. तार गरम, उत्तर शून्य!

"आजी, माझ्याच्यानं नाही होणार."

"फिरवून दाखव बघू."

टेबल भिंतीला टेकलेलं. बाईसाहेबांनी होकायंत्र भिंतीपर्यंत नेलं, आणि आल्या वाटेनं परत आणलं.

मी हसतच सुटले. "अगं, ही काय शंकराची प्रदक्षिणा? पन्हळीपाशी जाऊन मागे फिरायला!" जाताना मिळवलं ते येताना गेलं.

टेबल दोघींनी ओढलं — कंबर अजून बोलतेय. पुरी फेरी झाली. मालूचं उत्तर, पावणेचार. कारखान्यातून आलेल्या शशिकांतनं मीटरवरचं फडकं उचललं. बघितलं. पुन्हा बघितलं. "पावणेचार," म्हणाला, आणि माझा पानाचा डबा शोधायला लागला. तो पान खातच नाही!

१९ मार्च

परीक्षेत तीच तार आली. टेबल खोलीच्या मधोमध होतं म्हणे.

११ जून

पास! पुढचं पुण्याला, बी.एस्सी. बदलापूरकरांना शशिकांतनं काय कळवलं, मी विचारलं नाही.

२१ जून

आजचं अक्षर मालूचं नाही. ती काल पुण्याला गेली. शशिकांत लिहितोय. मागची पानं वाचून बसलाय. विचारतो, "आई, ते चार फेब्रुवारीचं खोडू का?"

म्हटलं, राहू दे. इथे खाडाखोड चालत नाही.