उपटलेला बुटका मूग

प्रिय लंबूटांग हिला बुटकीचा सप्रेम नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? माझे सारखे बोलत असतात, मीच लक्ष देत नाही. लेकीकडे राहायला गेलीस आणि एक ओळ नाही तुझी. नातवंडं आली की मैत्रिणी गेल्या उडत, कळलं हो!

इकडे आपल्या कडधान्य विभागाला नवे साहेब आलेत. भात विभागातून आलेत, म्हणजे सगळं कसं एका रेषेत. नवं वाण निघतंय का बघायला मी मुगाच्या बियाण्याला पुन्हा किरणांचा मार दिला होता. यंदा त्याची दुसरी पिढी शेतात होती, आणि दुसऱ्या पिढीत रोपं काय काय सोंगं काढतात ते तुला मी काय सांगू! आपल्या पहिल्या खेपेला पांढरीफटक रोपं उगवली, तेव्हा तू त्यांच्यावर छत्री धरून बसली होतीस. हिरवेपणाच नाही तर रोप खाणार काय, मरणारच, हे ठाऊक असून रडलीस, वेडाबाई. आणि तुझ्या सासूबाई! (अंघोळ केल्याशिवाय तुला पाळण्याजवळ फिरकू देत नसत. बियाण्यात किरण राहत नाहीत, हे सांगून सांगून आपल्या तोंडाला फेस आला.) काय दिवस होते गं! त्याच गोंधळात आपल्याला तो मूग सापडला. सगळ्या शेंगा एकदम पिकणारा, एकाच तोडणीत मोकळा. माझ्यावरून तू त्याला बुटका म्हणालीस, आणि मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी.

तर त्याचं बी शीतकपाटात म्हातारं होत चाललं होतं, म्हणून होतं नव्हतं ते सगळं त्याच शेताच्या कडेला पेरलं. मोजकीच रोपं वर आली. मी तळहाताच्या फोडासारखी जपली. नेमकी वरून पाहणी आली, आणि मी नेमकी दाताच्या डॉक्टरकडे. साहेबांनी शेत पाहिलं. कुठे उंच, कुठे ठेंगणं, कुणाच्या देठाला तीनाऐवजी पाच पानं. "हे काय शेत म्हणायचं?" म्हणाले, आणि बेढब दिसेल ते उपटायला लावलं, भातातली भेसळ काढतात तसं! अगं, त्या बेढबांसाठीच तर सगळा खटाटोप! मी परतले तेव्हा शेत भांग पाडल्यासारखं, आणि बुटका मूग खताच्या खड्ड्यात, शेंगा अजून कोवळ्या. पाहुण्यांनी टापटिपीबद्दल शाबासकी दिली म्हणे. मी साहेबांना काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अर्धं तोंड बधिर होतं, म्हणून त्यांना ते कळलंही नाही.

घरी येऊन मात्र ढसाढसा रडले. आपल्या दोघींची उभ्या जन्माची कमाई ती.

बाकी सर्व ठीक. लेकीला आशीर्वाद.

तुझीच,
बुटकी

ता. क. तू दरवर्षी गच्चीतल्या कुंडीत तो मूग लावतेस आणि मी तुला हसते. आता नाही हसणार. मूठभर बी आहे ना गं? लेकीने शिजवलं तर नाही ना? खरं तर एवढंच विचारायचं होतं.

आणखी एक. टपालाने पाठवू नकोस. पार्सलं तपासणीच्या यंत्रातून जातात, त्या किरणांनी बी बिघडेल. तूच घेऊन ये.

(त्या किरणांनी मुगाचं काहीएक बिघडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी ये. शेतात एकटीने वाकून बघण्यात आता काही मजा नाही गं.)