लेविटला हलवण्याची आणखी काही कारणे

कुओपिओ, फिनलंड
सोमवार (आमचा कपडे धुण्याचा आणि पत्रं लिहिण्याचा वार)

तीर्थरूप लमारकाकांस,

रुलॉनचा साष्टांग नमस्कार. (इथल्या बर्फाने हिवाळाभर मला भर रस्त्यात साष्टांग घालायची इतकी सवय लावली आहे, की हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नये.) काकूंचा गुडघा थंडी सरल्यावर ताळ्यावर आला असेल आणि तिकडे आयडाहोत बटाट्याची लावणी उरकली असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती घसा सोडून उत्तम. घशाचं कारण ओघाने येईलच.

मागच्या पत्रात मी एक विनंती केली होती. आमच्या मिशनचे अध्यक्ष आणि आपण तरुणपणी जोडीने धर्मप्रचार केलेला, तेव्हा आपला शब्द ते खाली पडू देणार नाहीत. तर येत्या बदल्यांत माझा जोडीदार एल्डर लेविट याला कुठेतरी लांब, शक्यतो उत्तर ध्रुवाच्या बाजूला, पाठवावं. आपलं उत्तर आलं, ‘फोन करतोच, पण मला पटतील अशी कारणं तरी कळव.’ कळवतो.

छातीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, अशी पाटी लावून फिरणारे आम्ही दोघं मिळून चाळिशी गाठत नाही. पण लेविट जन्मतःच वडीलधारा आहे. नियमांचं ते पांढरं पुस्तक त्याच्या खिशात असतं, आणि खिसा रिकामा असला तर डोक्यात असतं. जोडीदाराला नजरेआड करू नये हा नियम मलाही ठाऊक आहे, पण मी न्हाणीघरात गेलो की हा बाहेर उभा राहून खाकरतो. पत्र लिहिताना मी पुटपुटतो, याचीही त्याला तक्रार आहे. (न पुटपुटता लिहिता येतं का, काका?) शिवाय तो अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला. मे महिन्यातसुद्धा ओव्हरकोट घालून झोपतो आणि सकाळी हीटरला असा चिकटून बसतो की त्याला सोलून काढावं लागतं.

आता मुख्य कारण. हिवाळाभर आम्ही अर्ध्या कुओपिओची दारं ठोठावली. फिन माणूस दार उघडतो ते नीट बंद करता यावं म्हणून. एकच दार उघडं राहिलं, तौनो व्हातानेन यांचं. म्हातारबाबांनी जन्मभर लाकडाचे ओंडके तळ्यातून वाहून नेले, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. प्रत्येक वेळी ते आमच्यापुढे कॉफी ठेवत, आम्ही ‘आमच्या धर्मात चालत नाही’ म्हणत असू, आणि ते तिन्ही कप शांतपणे स्वतःच संपवत. एक दिवस त्यांनी कॉफीचं भांडं उचलून फळीवर पालथं घातलं आणि म्हणाले, “बरं. केव्हा बुडवताय?” मला रडूच आलं. आपण आपल्या काळात गावंच्या गावं बुडवलीत म्हणे. माझ्या खात्यावर बाप्तिस्म्याला तयार झालेला हा पहिलाच माणूस.

तौनोबाबांची अट एकच: बाप्तिस्मा त्यांच्या घराखालच्या तळ्यात. तळ्यावरचा बर्फ नुकताच फुटला होता, पलीकडच्या काठाला अजून तरंगत होता. बाबा आधी सौनात, म्हणजे इथल्या वाफेच्या न्हाणीत, लालबुंद भाजून आले आणि सासुरवाडीला निघाल्यासारखे पाण्यात शिरले. मी मात्र कमरेपर्यंत गेलो आणि माझे पाय कुणा दुसऱ्याचे झाले. आपल्याला नियम सांगायला नको: प्रार्थनेचा शब्दन्‌शब्द बरोबर हवा आणि माणूस नखशिखांत पाण्याखाली जायला हवा. दोन साक्षीदार काठावर. एक आमच्या शाखेचे प्रमुख रिसानेन, दयाळू माणूस, काहीही झालं तरी “चालेल” म्हणणारा. दुसरा लेविट.

पहिल्या वेळी माझे दात इतके वाजत होते की बाबांचं मधलं नाव गळालं. काठावरून आवाज आला, “पुन्हा.” दुसऱ्या वेळी बाबांच्या पायाचा अंगठा वर आला. “पुन्हा.” तिसऱ्या वेळी आख्खा पाय. त्यांचाही दोष नाही हो! आयुष्यभर ओंडक्यांबरोबर तरंगलेलं शरीर, बुडायचं कसं हेच विसरलेलं. रिसानेन म्हणाले, “चालेल.” लेविट म्हणाला, “नाही चालणार. बाबांनी कॉफी पूर्ण सोडली, बाप्तिस्मा अर्धा घ्यायचा?” बाबा नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले, “माझी हरकत नाही, मला तर मजा येतेय. पण तुमचा हा पोरगा निळा पडलाय.”

त्या क्षणी लेविट जवळ असता तर मी आधी त्यालाच बुडवला असता. पण त्याने बूट काढले. शेजारी शेजारी नीट ठेवले. मोज्यांची घडी घातली. आणि तो मे महिन्यात ओव्हरकोट घालून झोपणारा प्राणी त्याच ओव्हरकोटासकट पाण्यात चालत आला, एकदाही ‘हू’ न करता. मला म्हणाला, “तू शब्द सांभाळ, पाय मी सांभाळतो,” आणि बुडी मारून त्याने बाबांचे दोन्ही घोटे तळाशी धरून ठेवले. या खेपेला शब्द बरोबर आले, अंगठा आला नाही. बाबा वर आले ते हसत. लेविट बराच वेळ आलाच नाही. मी नियमबियम विसरून त्याला कॉलर धरून ओढला. तो वर आला, पण त्याचा चष्मा तळ्यातच राहिला.

तेव्हापासून तो तापाने पडून आहे आणि मी घशाने. नवा चष्मा हेलसिंकीहून यायचा आहे, त्यामुळे ते पांढरं पुस्तक रोज सकाळी मलाच वाचून दाखवावं लागतं. मी मधले नियम गाळतो. तो ते पाठ म्हणतो. अशा माणसाबरोबर दिवस कसे काढायचे, ते आपणच सांगा.

काकूंना नमस्कार, गाईंना माझी आठवण.

आपला,
रुलॉन

ता. क. लोकरीचे मोजे पाठवावेत. दोन जोड. लेविटचा पाय माझ्यापेक्षा मोठा आहे.

ता. क. २. फोन केला नसेल तर करू नका. केला असेल तर पुन्हा करा, आणि सांगा की पुतण्याला हिवाळ्यात भ्रम झाला होता. बदल्या पुढच्या आठवड्यात जाहीर होतात. त्याला आंधळ्याला कुणा भलत्याच्या हाती देऊ नका हो काका, मला करमणार नाही.

ता. क. ३. (हे अक्षर माझे, एल्डर लेविटचे. चष्मा नसल्याने मोठे आहे.) रुलॉन लिहिताना पुटपुटतो, त्यामुळे सर्व पत्र मी ऐकले आहे. त्याला हलवावे म्हणून मीही अध्यक्षांना महिन्यापूर्वी लिहिले होते. काल ते मागे घेतले. बाकी मजकूर खरा आहे, फक्त तिसऱ्या वेळी पाय नव्हे, कोपर वर आले होते. साक्षीदार या नात्याने दुरुस्ती करीत आहे.