उरलेले एक्कावन्न हजार

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, बुधवार

प्रिय चैताली,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं सामान शनिवारी दुपारी पोचलं, त्याची पोच देते. कणीक मळायचं, वाटायचं, फेटायचं असं सगळं करणारं परदेशी यंत्र, नग एक, रुपये ५४,७५०. सुऱ्यांचा संच, लाकडी ठोकळ्यासकट, नग सहा, रुपये ७,२००. शिवाय यंत्राची पिन आपल्या भिंतीत बसेना म्हणून निंगप्पा वायरमनकडून मोठा प्लग बसवून घेतला, त्याचे ६५०. एकूण बासष्ट हजार सहाशे. किमती कशा कळल्या म्हणशील, तर बाई, बिल खोक्यातच राहिलं होतं. बसवेश स्वतःच्या आईला फोनवर म्हणाला होता, "काही नाही गं अव्वा, सेलमध्ये स्वस्तात मिळालं." मला वाटलं, स्वस्तात म्हणजे चार हजार. बिल वाचलं आणि तिथंच फरशीवर बसले.

बिलावर असंही आहे की दहा दिवसांत परत करता येतं, म्हणजे येत्या सोमवारपर्यंत. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा आई, असं तू म्हणालीस. फोनवरच सांगितलं असतं, पण बसवेश मेला स्पीकर लावतो, आणि फोनवर माझं बोलणं तुला काय ऐकू जातं ते या सुऱ्यांवरून कळलंच. तू विचारलंस, "आणखी काय पाठवू?" मी म्हटलं, "साकु गं, साकु!" अगं, साकु म्हणजे कानडीत पुरे! तू चाकू पाठवलेस. तेही सहा. चार वर्षं झाली लग्नाला, माझ्या बसवेशनं तुला एवढं कानडी शिकवलं नाही? तुझे मामंजी दोन दिवस हसतायत. आता मी आमटीला साकु म्हटलं की आणखी एक पळी वाढून घेतात. बाकी सुरी मात्र अशी आहे की टमाटा कापला तरी टमाट्याला कळत नाही.

पत्र मी तुला पहिल्यांदाच लिहितेय. तू मोहोळच्या नागूबाईंची मुलगी, विहारात वंदनेला जाणाऱ्या घरातली; आम्ही गळ्यात लिंग बांधणारे. लग्नात मी उभी राहिले, पण कशी उभी राहिले ते तू पाहिलंस. तुझ्या घरी पुण्याला एकदाच आले, तेही अर्ध्या दिवसापुरती. तू सणाला येतेस, पाया पडतेस, मी "बरी आहेस ना?" म्हणते, आणि दोघी पदर सावरत बसतो. म्हणून हे यंत्र ठेवणं किंवा परत करणं म्हणजे नुसतं यंत्राचं नाही, हे तुलाही कळतंय आणि मलाही.

तर आता यंत्राचं. तुझ्या मामंजींची सवय तुला माहीत आहे. नवी पेठेत चाळीस वर्षं भांडी विकलेला माणूस. भांडं म्हटलं की आधी नखानं वाजवून बघणार आणि मग काट्यावर ठेवणार. यंत्रही रिक्षात घालून दुकानात नेलं आणि तोललं. अकरा किलो भरलं. म्हणाले, "स्टीलच्या भावानं धरलं तर साडेतीन हजार होतात. उरलेले एक्कावन्न हजार कशाचे ते तुझ्या सुनेला विचार." शेजारच्या ईरम्मानं तर दारातूनच हाय हाय केलं, "अव्वा, एवढ्यात अर्धी म्हैस आली असती की!" मी म्हटलं, अर्धी म्हैस दूध देत नाही ईरम्मा. म्हणाली, "हे तरी कुठं देतंय?"

मीही हट्टाला पेटले. रविवारी शेंगाचटणी केली. उखळात मी अर्धा तास कुटते तेव्हा दाण्याला तेल सुटतं आणि तरी तो दाताखाली लागतो. यंत्रानं अडीच मिनिटांत त्याचं गंध केलं. बोटानं कपाळाला लावता आलं असतं. सोमवारी ज्वारीचं पीठ घातलं. ते नुसतं गरगर फिरलं आणि कडेला जाऊन बसलं. ज्वारीला उकळतं पाणी आणि तळहात लागतो, तिला वेग कळत नाही. मी हिशेबाच्या वहीत लिहिलं, "यंत्र: दोन दिवस, दोन नापास."

मंगळवारी होळगीची, म्हणजे तुमच्या पुरणपोळीची, कणीक टाकली. बटण दाबलं आणि काय करावं सुचेना म्हणून जपमाळ घेऊन बसले. एकशेआठ मणी संपले आणि कणीकही झाली. लोण्यासारखी गं! ताणली तरी तुटेना. बावीस होळग्या केल्या, एकही फुटली नाही. ईरम्मा चार खाऊन गेली, आणि जाताना म्हणाली, "यंत्र वाईट न्हाय हां, फक्त महाग हाय." इतकी वर्षं कणीक मळताना माझं देवाकडं लक्ष नसायचं, मनगटाकडं असायचं. यंत्रानं माझी नऊ मिनिटं देवाला दिली.

आणि मनगटाचंच सांगायचं आहे. गेल्या दिवाळीपासून उजवा अंगठा वळला की कळ खांद्यापर्यंत जाते. मी कुणाला बोलले नव्हते. बोललं की डॉक्टर आला, एक्सरे आला. तुझे मामंजी दिवसातून दोनदा माझ्यासमोर जेवतात, त्यांना दिसलं नाही. बसवेश येऊन चार दिवस राहून गेला, त्यालाही दिसलं नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला तू आलीस, मी डाव्या हातानं परात उचलली, तू पुढं होऊन ती घेतलीस आणि काही बोलली नाहीस. दोन महिन्यांनी हे यंत्र आलं. तेव्हा मामंजींना मी उत्तर दिलं, उरलेले एक्कावन्न हजार बघण्याचे आहेत. संध्याकाळी ते दुकानातून येताना मलम घेऊन आले.

माझा निकाल विचारशील तर असा: भाकरीला आणि चटणीला हे यंत्र फुकट मिळालं तरी नको. कणकेसाठी दहा वर्षं चाललं तर रोजचे पंधरा रुपये पडतात, ते मला मान्य आहे. चांगल्या हाताच्या बाईनं एवढे पैसे घालू नयेत. दुखऱ्या हाताच्या बाईनं घालावेत, पण ती स्वतः कधीच घालणार नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी घालावे लागतात. यंत्र ठेवते. सुऱ्या परत करते, फक्त चार दिवस वापरून मग, नाहीतर तुला वाईट वाटेल.

आता जे लिहायला बसले ते. मागच्या वर्षी तुझ्या घरी आले तेव्हा तू टेबलभर स्वयंपाक मांडला होतास. भरली वांगी, गरम भाकरी, आणि फोनवर बघून शिकलेली खपली गव्हाची खीर, आमची हुग्गी म्हणून. मी म्हटलं, माझा आज उपास आहे. तू धावत खाली गेलीस आणि केळी आणलीस. कालच वही चाळताना ते पान निघालं: "गुरुवार. स्टँडवरून रिक्षा २४०. केळी, चैतालीनं आणली, खर्च नाही." गुरुवारी माझा कसलाच उपास नसतो, चैताली. त्या दिवशीही नव्हता. मी देवाचं नाव पुढं करून खोटं बोलले. गळ्यातल्या लिंगानं मला कधी कुणाची जात विचारली नाही. भीती मला देवाची नव्हती, ईरम्मा काय म्हणेल याची होती. तुला तेव्हाच कळलं होतं. केळं सोलून देताना तुझी नजर खाली होती. तरी यात्रेत तू माझा दुखरा हात बघितलास. मला एकदा तुझ्या घरी पोटभर जेवायचं आहे. हुग्गी करू नकोस, ती मी घरी खातेच. नागूबाईंच्या हातची जी भाजी तुला आवडते, ती कर. त्याही येत असतील तर त्यांना बोलव, मीच आमंत्रण देते असं सांग. तुझ्या सुट्टीचा कोणताही वार चालेल. आणि नको वाटत असेल, तर तसं लिही, मी रुसणार नाही. पण फोन नको, तुझ्या अक्षरात हवं. कधी येऊ, ते उलट टपाली कळव.

तुझीच,
आई