बासष्ट श्वासांचा व्हिडिओ

सोमवार, ४ ऑगस्ट

आज उलटीच झाली असती मला! ताईच्या दवाखान्यात गेलते. श्रावण सोमवार, तिचा उपास, अन् भगरीचा डबा रूमवरच विसरून गेली. सहा महिने झाले मी परभणीत तिच्यापाशी राहायलीय, स्वयंपाकाला. पण वॉर्डात कधी पाय ठेवला न्हवता. माणसं बघितली की माझं तोंड शिवल्यावानी होतंय. त्याच्यापायीच तर नववीतून शाळा सुटली. मॅडमनी धडा वाचायला उभं केलं, मी रडले, दुसऱ्या दिवशीपासून गेलेच न्हाई.

ताई एका म्हाताऱ्या बाबाच्या खालचं भांडं काढायलीती. काय वास! अन् ती खुशाल त्याच्यासंगं बोलायलीती — "बाबा, आज साफ झालं बगा. आता घरी जाताल दोन दिवसांत." बाबा लाजला. मीबी लाजले. डबा ठेवला अन् पळाले.

मला वाटायचं ताईचं काम आमच्या सिरियलमधल्या काव्या सिस्टरवानी असंल. पांढराशुभ्र ड्रेस, केस मोकळे, डॉक्टरच्या मागं मागं पळायचं. कपाळाला हात लावला की पेशंट डोळे उघडतंय!

ताईला म्हणलं तर लय हसली. "अगं रोहिणी, तुझ्या सिरियलमधी तीन महिन्यांत एकालाबी संडासला लागली न्हाई. कुठं ठेवतेत काय की सगळे!"

मंगळवार, ५ ऑगस्ट

सिरियल बघितली. खरंच की! एकबी भांडं न्हाई. काव्या सिस्टरच्या हातात चार अंगठ्या. आमच्या ताईला बांगडीसुदा घालू देत न्हाईत. ती गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या बसल्या झोपली.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज परत गेले. स्वतःहून! सकाळी डबा मुद्दाम दिला न्हाई, मग घेऊन गेले.

धुरपताबाई म्हणून एक बाई येलदरीकडून आलीय. तिचं आठ महिन्यांचं लेकरू, निमोनिया. ती सारखी रडायलीती. ताई तिला म्हणली, "मावशी, एक मिनिट. फक्त एक मिनिट उगी राहा." अन् खाटेपाशी स्टूल घेऊन बसली. लेकराच्या पोटावरचं झबलं वर केलं. हातात मोबाईल धरला. एकदा पोटाकडं, एकदा मोबाईलकडं. ओठातल्या ओठात काहीतरी.

मी लांबून व्हिडिओ काढला. मला हसू येऊ लागलतं — काव्या सिस्टर कशी धावती, अन् आमची ताई बघा, बसून हाय!

मग आवाज आला. "साठ... एकसष्ट... बासष्ट." ताई फटकन उठली. "सर, लेकराचा श्वास बासष्ट हाय. छाती आत ओढायलीय. जल्दी या." तिनंच ऑक्सिजनची नळी लावली, डॉक्टर यायच्या आधी. हात कसे चालतेत तिचे!

रस्त्यानं विचारलं. म्हणली, लहान लेकराचा श्वास नुसता बघून कळत न्हाई. कधी भराभर घेतंय, कधी थांबतंय. म्हणून पुरं एक मिनिट मोजायचं असतंय, अर्धं मोजून दुप्पट करायचं न्हाई. भिंतीवरचं घड्याळ बंद, तिच्या हातातल्याचा पट्टा तुटला, म्हणून मोबाईलचं घड्याळ.

एक मिनिट गप बसणं हे काम असतंय! मला कुणी सांगितलंच न्हवतं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज मी भावकीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. जन्मात पहिल्यांदा काही टाकलं. खाली लिहिलं — आमची ताई. कमलकाकूनं पाच अंगठे पाठवले. मल्लेशदादानं लिहिलं — भारी!

लेकरू दूध प्यायलं, ताई सांगायलीती.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

देवा. देवा.

दुपारी केबलवर मल्लेशदादाचं चॅनल लावलं. तो आमचा चुलतभाऊ, कमलकाकूचा पोरगा. परभणीच्या बातम्या देतो. लाल पट्टी पळायलीती — "लेकरू मृत्यूच्या दारात, नर्स मोबाईलमध्ये दंग!"

अन् खाली ताई. स्टुलावर बसलेली. हातात मोबाईल.

माझा व्हिडिओ! माझाच! मधी आलेला खाटेच्या पडद्याचा कोपरासुदा तोच. मोजायचा आवाज काढून टाकलेला, त्याच्या जागी धडाम धडाम म्युझिक. ताई फटकन उठली ते कापलेलं. मधीच दुसऱ्याच कुठल्या बाईचं रडणं जोडलेलं. चार वेळा दाखवलं. मी चारी वेळा बघितलं.

मग घाबरून मी ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट केला. मोबाईलमधूनबी काढला. वाटलं, आता कुठंच न्हाई तर चॅनलवरूनबी जाईल. मी किती येडी हाय!

सातला परत दाखवला.

ताई आली तर बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणली, "उद्यापासून येऊ नको म्हणलेत." माझ्याकडं बघितलं न्हाई. मीच सांगितलं, "ताई, मी काढला." तर म्हणली, "म्हाईत हाय. भाकरी टाक."

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. मल्लेशदादा आला!! दरसालसारखा, पेढे घेऊन. मला वाटलं ताई दार लावून घेईल. ताईनं ताट केलं, कुंकू लावलं, राखी बांधली. मग हात सोडलाच न्हाई त्याचा.

"आवाज का काढला रे?"

"अगं म्युझिक लावावं लागतंय ताई."

"मी मोजायलते. ऐकलं न्हाईस का?"

"ऐकलं. पण निवांत बसलेली नर्स बघायला कोण थांबतंय? चिडले की लोक थांबतेत. तुझं नाव घेतलं का मी? तोंड तरी दिसतंय का?"

"दवाखाना दिसतोय. खाट दिसती. त्या खाटेवर कोण नर्स होती ते आमच्या दवाखान्याच्या साहेबाला कळत न्हाई का?"

दादा पेढा चघळत म्हणला, "चार दिवसांत विसरतेत लोक." ताईनं पुरा व्हिडिओ मागितला. तर म्हणला, "मी तेवढाच तुकडा कापून घेतला होता. बाकीचा हिनंच डिलीट केला ना!" अन् माझ्या डोक्यावर टपली मारली.

मला जमीन फाटावी वाटली.

रविवार, १० ऑगस्ट

साहेबाचा फोन आला. मंगळवारी मीटिंग. ताईची नोकरी ठेवायची का काढायची ते त्या दिवशी. अन् वॉर्डात व्हिडिओ कुणी काढला त्याच्यावर पोलिसात तक्रार देणार. दारावर पाटी हाय शूटिंगला मनाई म्हणून. मी वाचली होती! मला वाटलं ती परक्या लोकांसाठी.

ताई म्हणली, "तू काही काढलं न्हाईस. समजलं? तोंड उघडायचं न्हाई."

धुरपताबाई लेकरू घेऊन घरी गेली. चांगलं झालं तिचं लेकरू. ती ताईच्या बाजूनं बोलंल म्हणून फोन केला, तर नंबर लागत न्हाई.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता एकदम आठवलं — कमलकाकू! काकूला जे येतंय ते ती सेलूच्या बहिणीला, चतुरामावशीला, पाठवतीच. देवाचे फोटो, लग्नपत्रिका, सगळं. ग्रुपवरलं मी काढलं, पण काकूनं पुढं पाठवलेलं कसं जाईल? चतुरामावशीकडं असंलच! काकूला मागितला तर दादाला कळंल.

फोन लावला. मावशी म्हणती, "हाय की! पण पाठवायचं कसं ते मला येत न्हाई गं. पोरगं औरंगाबादला हाय माझं. तूच ये."

मी एकटी सेलूला?

सोमवार, ११ ऑगस्ट

गेले! रेल्वेनं. तिकिटाच्या खिडकीत आवाजच फुटेना, मागची बाई खेकसली, "अगं बोल की माय, गाडी निघंल!" मग बोलले. सेलू. एक.

ताईला सांगितलं, देवळात जायलीय.

मावशीनं चहा ठेवला अन् मोबाईल काढला. म्हणली, "त्या लेकराचा ना? मी रोज बघायले! कसली मन लावून मोजती ती पोरगी. माझ्या नातवाला अशी नर्स भेटायला पाहिजे होती. न्हाईतर ती टीव्हीवरची बघ — लेकरू मरायलंय अन् बसलीय मोबाईल घेऊन! रांड."

मी म्हणलं, "मावशी, ती हीच हाय."

"कोण?"

"टीव्हीवरची. अन् ही. एकच हाय. माझी ताई."

मावशीनं दोनदा बघितला. तिसऱ्यांदा आवाज मोठा करून बघितला. चहा उतू गेला तरी उठली न्हाई. "अगं आई गं," म्हणली, "मी तिला शिव्या दिल्या की." अन् माझे हात धरले.

आता व्हिडिओ माझ्याकडं हाय. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद, आवाजासकट. गाडीत सगळ्या रस्त्यानं ओठातल्या ओठात पाठ केलं — साहेब, मी रोहिणी. व्हिडिओ मी काढला. तक्रार माझ्यावर द्या. पण आधी आवाज ऐका.

ताईला सांगणार न्हाई. सांगितलं तर ती मला आत येऊच देणार न्हाई. माझ्यावर तक्रार होईल म्हणून घाबरती ती. मीटिंग दोनला हाय म्हणली. मी तिच्या मागं मागं जाणार अन् सरळ आत शिरणार.

अन् मी बोलणार.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मीटिंग दोनला न्हवती. अकराला होती. ताई माझ्याशी खोटं बोलली, बाजाराला म्हणून निघाली अन् मीटिंगला जाऊनबी आली.

आता चॅनलवर दाखवायलेत. ताई हात जोडून उभी हाय. "होय, मी मोबाईल बघत होते. चूक झाली." ताईनं आत्ता सांगितलं, साहेब म्हणले होते — नोकरी पाहिजे तर एक तर काढणाऱ्याचं नाव सांग, न्हाईतर कॅमेऱ्यासमोर माफी माग.

व्हिडिओ काल दुपारपासून माझ्या मोबाईलमधी हाय. मी तिला सांगितलंच न्हाई.