खिडकीतली आई

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे, काळजी नको. रेघ अजून सरळ येते, म्हणून बांधायच्या घरांची चित्रं साहेब माझ्याकडूनच हाताने काढून घेतात.

तुझ्या नव्या घराचे फोटो मिळाले. नकाशा मीच काढून दिला होता, तरी ओळखायला वेळ लागला. तळमजल्यावर आईची खोली होती, तिथे तुझी गाडी उभी आहे. गाडीला जिना चढता येत नाही हे खरं. पण आईला तरी कुठे चढता येतो?

घर केवढं ते कळावं म्हणून चित्रात एक माणूस काढतात. मी त्या खोलीच्या खिडकीत आईला बसवलं होतं. तू म्हणालास, "ताई, अगदी हुबेहूब."

ते चित्र तू जिन्यात लावलंयस. तेवढं काढून ठेव. आई चढता-उतरता बघत असेल.

तुझी ताई