मी एक शब्दही बोलले नाही

१ डिसेंबर, सोमवार
'तू घरात नसलीस की घर ऐकू येतं.' मिओरीचे बाबा अकरा वर्षांपूर्वी भांडी पुसता पुसता म्हणाले होते. असली वाक्यं मी लक्षात ठेवत नाही. आज सहज आठवलं.
ते आता सेंदाई शहरात. आमची चौदा वर्षांची मुलगी मिओरी त्यांच्याकडे, आणि त्यांची नवी बायको रुरिकोही. मी इकडे मोरिओकात, दोन वर्षं एकटी, शांतपणे.
मिओरीला फोनवर विचारलं, चोवीसला येतेस ना? म्हणाली, माझ्यासोबत भुताचा गेम खेळणार असशील तर बघू. नाताळात सगळं जग दिवे लावतं, ही भुतं लावते. सोबतीला रुरिको असते म्हणे.
अट ठरली. दोघींनी मिळून ऑनलाइन एक गेम चोवीसच्या आत संपवायचा. संपवला तर ती ट्रेनने माझ्याकडे, नाही तर नाताळ तिकडेच.
एक कशाला, पाच संपवीन. यादी फ्रिजवर लावली.

३ डिसेंबर
इकडे भुतांच्या गोष्टी उन्हाळ्यातल्या. पितर घरी येतात त्या दिवसांत, घामाच्या अंगावर जरा काटा यावा म्हणून. डिसेंबरात काटा बाहेर फुकट येतो. हे डोकं रुरिकोचंच.
नाताळचं चिकन आणि स्ट्रॉबेरीचा केक, दोन्ही सांगून आले. दुकानातल्या मुलीने विचारलं, किती जणांचा? म्हटलं, चार. दोन म्हणताना बरं दिसलं नसतं.

६ डिसेंबर, शनिवार, दुपारी तीन
गेम असा: बर्फात बुडालेलं जुनं लॉज. आत मेलेली मालकीण. तिला दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि तेही आपण इथे माईकवर खरंखुरं जे बोलू ते. शब्द निघाला की ती हजर. एक मेली की दोघींचा खेळ खलास.
चार वेळा मेलो. मिओरी म्हणते, आई, तू बोलतेस. मी एक शब्दही बोलले नाही.

७ डिसेंबर
सहा वेळा.
मिओरीने रेकॉर्डिंग पाठवलं. प्रत्येक दारात एक बाई म्हणते, 'त्रास देते हं.' आवाज माझ्यासारखा आहे, मान्य. पण परक्या घरात पाऊल टाकताना हे म्हणायचं नाही तर काय चोरासारखं शिरायचं? याला बोलणं म्हणत नाहीत, वळण म्हणतात. तिकडे ते लावणारं कुणी नाही, हेही तिला सांगितलं. म्हणाली, आई, ती बाई मेलेली आहे. म्हटलं, असेल, घर तिचंच आहे ना?
यादीतले चार गेम खोडले. एकच, पण नीट.

१३ डिसेंबर, शनिवार
संकल्प: तोंडाला मास्क, दाताखाली खारवलेलं आलूबुखार.
जिन्यात प्रेताला पाय लागला. 'माफ करा हं' हे मास्कमधूनही ऐकू जातं. निकृष्ट मास्क.
मेल्यावर डाव पुन्हा लागेपर्यंत मिनिटभर जातं. वेळ वाया कशाला घालवा, म्हणून रुरिकोबद्दल चार गोष्टी सांगितल्या. तिचं हसणं. तिचं बाजारातून आणलेलं सूप. दुसरीचा मांडलेला संसार आयता मिळाला की माणसाला गेम खेळायला वेळ उरतोच. मिओरी ऐकत असणार. मग म्हणाली, आई, तुझा आवाज स्पीकरवर आहे. रुरिको-सान इथेच बसून संत्री सोलतायत.
मानाचं 'सान' लावून. सोलू दे.

१७ डिसेंबर
रुरिकोकडून वर्षअखेरीची भेट. उत्तम कागदात गुंडाळलेल्या, खोकाभर घशाच्या गोळ्या. चिठ्ठीत, 'घशाला जपा.'
घाबरली बाई.
भेट आली की परतभेट पाठवणं आलंच. कानात घालायचे बोळे पाठवले, बारा जोड, त्याहून उत्तम कागदात.

२१ डिसेंबर, रविवार, दुपारी चार
चोवीसच्या आधीची शेवटची सुट्टी. गोळ्या चांगल्या निघाल्या. दोन तोंडात धरल्या की जीभ हलत नाही. यात रुरिकोचं काही श्रेय नाही.
अकरा खोल्या पार. एकही शब्द नाही. मिओरी माझ्या मागे, तिचा श्वास कानात ऐकू येत होता. इतकी जवळ ती दोन वर्षांत आली नव्हती. मागचं दार ओलांडून बर्फात आलो. समोर गेममधलं आपलं स्वतःचं घर. आत जाऊन कडी लावली की जिंकलो. मी दार उघडलं. चपलांची फळी, पिवळा दिवा.
'आले हं,' म्हटलं.
रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या कामावरून येऊन बूट काढताना म्हणते. सवय आहे. भिंतीच ऐकतात.
आज उत्तर आलं. 'आलीस? ये.' मालकीण आत बसली होती.
कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. बरं वाटलं. मिओरी म्हणते, मी पळायचं सोडून तिला सांगत बसले की हो ना, आज रस्त्यात बर्फ फार होता.
दोघी मेलो. मिओरीने गेम बंद केला. मग, ठेवते, म्हणाली.
गेममध्ये दोष आहे. कंपनीला लिहीन.

२४ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळी सहा
आली नाही. चिकन गार. केक उभ्याउभ्या, चमच्याने, डब्यातूनच.
फोन आला. मला वाटलं, हरल्याबद्दल रडेल. म्हणाली, अट नुसती गंमत होती, हरलो तरी येणार होते. पण आई, तू दोन दिवस रुरिको-सानबद्दल बोलशील. आणि तिथे माईक बंद करायचं बटण नाही.
मी काहीतरी बोलणार होते. गोळी तोंडात होती.

२५ डिसेंबर
भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो. हे घड्याळ आवाज करतं हे माहीत नव्हतं.
मिओरीला निरोप लिहिलाय. नाही म्हणेल. मीही नाहीच म्हटलं असतं.
'रविवारी रुरिको-सानबरोबर खेळशील तेव्हा मला जोडून घेशील? खेळणार नाही. माझा माईक बंद राहील, तुझा तेवढा चालू ठेव. तुमचं घर थोडा वेळ ऐकू दे.'